आत कोणीतरी झोपलंय

‘विंडोज हायबरनेट झालेलं आहे, माउंट करायला नकार.’ अशा अर्थाची एक ओळ टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, उमटली आणि पुढे बरेच दिवस डोक्यात घोळत राहिली. हायबरनेट म्हणजे चालू स्थिती डिस्कवर उतरवून झोपी जाणं, आणि माउंट करणं म्हणजे डिस्कचा एखादा भाग वापरासाठी जोडून उघडणं. तसं पाहिलं तर त्यात घोळण्यासारखं काही नव्हतं. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदवणाऱ्या प्रत्येकाची या ओळीशी कधी ना कधी गाठ पडतेच. मला हवं होतं एवढंच, की विंडोजच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या त्याच्या वाट्याच्या भागावर, पडून असलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या फायलींना नीट नावं द्यावीत. लिनक्समध्ये असं घाऊक नामकरण एका ओळीत होतं, म्हणून इकडून तिकडे हात घालायला गेले. यंत्र माझं, डिस्क माझी, दोन्हीकडचे पासवर्ड माझे. टर्मिनलवर मी रूट, म्हणजे लिनक्सच्या राज्यात जिच्यावर कोणी नाही अशी. आणि तरी एक लहानसा प्रोग्राम मला सांगत होता, की आत कोणीतरी झोपलंय, आत्ता नको. राग आला हे खरंच. पण त्या रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते मात्र चटकन ओळखू येईना.

झोपलंय कसं? थोड्याच वेळापूर्वी मी विंडोज रीतसर बंद केलं होतं. पडदा काळा झाला होता, पंखा थांबला होता. पण २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ‘बंद करा’ या बटणाचा अर्थ बदललेला आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तुमचे उघडे प्रोग्राम बंद होतात, तुमचं लॉगिन संपतं, पण खालचं कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (डिस्क, पडदा वगैरेंशी बोलणारे प्रोग्राम) जसेच्या तसे एका मोठ्या फायलीत उतरवून ठेवले जातात. पुढच्या वेळी सगळं नव्याने मांडण्याऐवजी ती फाइल वाचून यंत्र चटकन उभं राहतं. गंमत अशी, की ‘रीस्टार्ट’ केलं तर मात्र विंडोज खरोखर पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होतं. म्हणजे ज्याला मनापासून बंद करायचंय त्याने पुन्हा सुरू करा म्हणायचं. किंवा शट डाउनवर टिचकी मारताना शिफ्ट दाबून धरायची. ज्यांच्याकडे एकटं विंडोजच आहे त्यांना या सोयीने सहसा काही तोटा नाही, उलट फायदाच आहे. प्रश्न येतो तो त्याच डिस्कवर दुसरं कोणी राहत असेल तेव्हा.

कारण झोपलेल्या विंडोजच्या आठवणीत डिस्कचं एक चित्र असतं. कुठल्या फायली कुठे आहेत, कुठली जागा मोकळी आहे, काय लिहायचं बाकी आहे. जागं झाल्यावर ते त्या चित्रावर विसंबून काम पुढे सुरू करतं. मधल्या काळात लिनक्सने जाऊन चार फायली हलवल्या, दोन नव्या ठेवल्या, तर विंडोजला त्याचा पत्ताच नसतो. जी जागा त्याच्या लेखी मोकळी, तिथे आता माझं काहीतरी असतं, आणि ते बिनदिक्कत त्यावर लिहून टाकतं. कधी नवी फाइल नाहीशी होते, कधी सगळी फाइल सिस्टिमच, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवायची व्यवस्थाच, खिळखिळी होते. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही राग आला.

नकार देणाऱ्या त्या प्रोग्रामचं नाव एनटीएफएस-३जी. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टिम लिनक्समधून वाचू-लिहू देणारा हा ड्रायव्हर. त्याने नुसतं नाही म्हटलं नव्हतं, दोन वाटाही सांगितल्या होत्या: विंडोज परत चालू करून पूर्ण बंद करा, नाहीतर केवळ वाचण्यापुरतं माउंट करा. तिसरी वाट त्या संदेशात नव्हती, पण त्याच्या माहितीपानावर होती. ‘रिमूव्ह हायबरफाइल’ नावाचा एक पर्याय आहे. तो जोडला की झोपेची ती फाइल पुसली जाते, विंडोजची जपून ठेवलेली सगळी स्मृती जाते आणि पार्टिशन मुकाट्याने उघडतं. पुढच्या वेळी विंडोज कोऱ्या मनाने उठतं, बस. फास्ट स्टार्टअपच्या झोपेत तुमचा न जतन केलेला मजकूर नसतोच, त्यामुळे बहुतेक वेळा काही बिघडतही नाही. पूर्ण हायबरनेट केलेलं असेल तर मात्र उघडी असलेली सगळी कामं त्या फायलीबरोबर जातात. दोन्ही झोपा बाहेरून सारख्याच दिसतात. मी त्या पर्यायाचं नाव टाइप केलं, एंटरवर बोट ठेवलं आणि मग बॅकस्पेस दाबत दाबत मागे आले. शेवटी केवळ वाचण्यापुरतं उघडलं.

एकदा उघडलं की जे दिसतं, त्याची मला कधी सवय झालेली नाही. विंडोजमध्ये सी ड्राइव्ह म्हणजे घराचा पत्ता असतो. इकडे ते अक्षरच नसतं. इकडे सगळं एकाच झाडावर लटकलेलं, आणि ते पार्टिशन त्या झाडाच्या एखाद्या फांदीवर मी सांगेन तिथे येऊन बसतं. फोल्डरांची नावं हिरव्या पट्टीवर निळ्या अक्षरांत दिसतात. डोळ्यांना टोचणारी ती रंगसंगती म्हणजे लिनक्सने दिलेला इशारा असतो, की इथे कोणीही लिहू शकतं. (केवळ वाचण्यापुरतं उघडलेलं असलं तरी पट्टी हिरवीच.) प्रत्येक फाइल माझ्या मालकीची, प्रत्येक फाइल चालवता येण्याजोगी, साधा फोटोसुद्धा. खरं तर यातलं काहीच खरं नाही. एनटीएफएसवर मालकी आणि परवानग्या वेगळ्या भाषेत लिहिलेल्या असतात, लांबलचक ओळख क्रमांकांच्या भाषेत. ते क्रमांक इकडच्या कुठल्या माणसांचे हे सांगितलेलं नसलं, की ड्रायव्हर सगळ्याला सरसकट ‘तुझंच’ म्हणून टाकतो. तारखांचंही तसंच. एनटीएफएस काळ मोजतं १ जानेवारी १६०१ पासून, लिनक्स मोजतं १ जानेवारी १९७० पासून. मधली ३६९ वर्षं ड्रायव्हर प्रत्येक फायलीमागे निमूटपणे वजा करत राहतो आणि आपल्याला वाटतं, तारीख तर तारीखच आहे.

आणि विंडोज जे जे माझ्यापासून लपवत असतं, ते सगळं इथे उघड्यावर. झोपेची ती फाइल, आकाराने कित्येक जीबी, बाकीच्या फायलींच्या रांगेत गुमान बसलेली. तिच्या शेजारी पेजफाइल, मेमरी अपुरी पडली की विंडोज वापरतं ती. ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ नावाचं फोल्डर, जे विंडोजमध्ये उघडायला गेलं तर प्रवेश नाकारला जातो, ते इथे नुसता एक बाण निघतं, ‘यूझर्स’कडे बोट दाखवणारा, जुन्या प्रोग्रामांची वाट चुकू नये म्हणून ठेवलेला. रिसायकल बिन तर सगळ्यात विचित्र. आत प्रत्येक वापरकर्त्याच्या क्रमांकाचं एक फोल्डर आणि त्यात टाकून दिलेल्या फायली जोडीजोडीने. डॉलर-आर ने सुरू होणाऱ्या नावाची ती खुद्द फाइल आणि डॉलर-आय ने सुरू होणारी एक चिमुकली. या चिमुकलीत लिहिलेलं असतं, ही कुठे होती आणि कधी टाकली. मी कधी काय टाकून दिलं होतं याची इतकी नेटकी नोंद माझ्याच यंत्रात होती आणि मला ती विंडोजच्या पाठीमागून जाऊन कळावी, याचं मला आधी हसू आलं. मग थोडी लाज वाटली. दुसऱ्याच्या कपाटात डोकावल्यासारखं वाटलं, जरी कपाट माझंच होतं.

हे डोकावणं किती सोपं आहे, ते मामामुळे पहिल्यांदा नीट जाणवलं होतं.

मामाचा लॅपटॉप सुरू होईना. निळा पडदा, थोडी घरघर, पुन्हा निळा पडदा. आत बरीच वर्षं साठवलेले फोटो आणि कागदपत्रं. मी पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन गेले, त्यावरून यंत्र सुरू केलं आणि डाव्या बाजूला दिसणाऱ्या ड्राइव्हवर दोनदा टिचकी मारली. फोल्डर उघडलं. मामा माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, “अगं, पासवर्ड नाही विचारला त्याने?”

“नाही विचारत.”

“मग मी रोज टाकतो तो कशाला?”

मी समजावलं, की तो पासवर्ड विंडोजचा, डिस्कचा नाही. कोणी काय वाचायचं याची यादी डिस्कवर लिहिलेली असते, पण ती यादी हातात घेऊन दारात उभं राहायचं काम विंडोज करतं. विंडोजच उठलं नाही तर यादी नुसती पडून राहते. मामाने मान डोलावली, पण त्याला ते पटलं नव्हतं. किंवा फार पटलं होतं. कारण त्याने खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसून मी कुठल्या फोल्डरवर जातेय ते बारकाईने बघू लागला. एका फोल्डरपाशी म्हणाला, “ते नको उघडूस, नुसतं कॉपी कर.” मी बरं म्हटलं. मग लक्षात आलं, की फाइल मॅनेजरमधून नुसतं त्या बाजूला फिरकलं तरी तो आतल्या चित्रांचे छोटे नमुने आपणहून काढून मांडतो. म्हणून ती खिडकी बंद केली, टर्मिनल उघडलं आणि नुसत्या नावावरून फोल्डरच्या फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकलं. त्यात काय होतं मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला काहीच कष्ट पडले नसते, हे मात्र आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या संध्याकाळी मामा माझ्याशी नेहमीपेक्षा जरा जास्तच आदराने बोलत होता, आणि मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

त्याच्या नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचं सगळं सांकेतिक रूपात कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे. आता लिनक्सवरून पाहिलं तर ते पार्टिशन म्हणजे अर्थहीन बाइट्सचा ढीग. २०२० मध्ये आलेल्या, क्रिप्टसेटअप या लिनक्सच्या साधनाच्या २.३ आवृत्तीपासून लिनक्सलाही असं पार्टिशन उघडता येतं, पण पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की दिली तरच. ही खरी भिंत. मामाला ती की कागदावर लिहून ठेवायला सांगितली तर म्हणतो, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह केली आहे ना. आता यावर काय बोलावं.

तर सांगायचं असं, की बहुतेक ठिकाणी आपल्याला अडवणारं कोणी नसतंच. म्हणूनच एनटीएफएस-३जीचा नकार इतका वेगळा वाटला असावा. तो परवानगीचा नकार नव्हता. परवानगीच्या बाबतीत त्याने मला सगळं देऊन टाकलं होतं. तू कोण हा प्रश्नच त्याला पडला नव्हता. त्याला पडलेला प्रश्न वेगळा: आधी जो इथे काम करत होता त्याचं आवरून झालंय का?

हा प्रश्न विचारायची बुद्धी लिनक्सच्या मंडळींना सुखासुखी आलेली नाही. एनटीएफएस आलं १९९३ मध्ये, विंडोज एनटी ३.१ बरोबर. लिनक्सवर वर्षानुवर्षं वापरली गेलेली ईएक्सटी२ ही फाइल सिस्टिम सुद्धा त्याच सालची. दोघं समवयस्क, पण एकाची अंतर्रचना सगळ्यांसाठी खुली आणि दुसऱ्याची बंद. लिनक्सवाल्यांनी एनटीएफएस वाचायला शिकून घेतलं ते बाइट न् बाइट चाचपून, अंदाज बांधून, पडताळून. वाचणं जमलं. लिहिणं ही मात्र फार काळ भीतीची गोष्ट राहिली. कर्नलमधल्या जुन्या ड्रायव्हरच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलेलं असायचं, की असलेल्या फायलीवर तिची लांबी न बदलता लिहिता येईल, एवढंच. नवी फाइल नाही, पुसणं नाही, नाव बदलणंही नाही. २००३ मध्ये यान क्राटोख्विल या चेक प्रोग्रामरने यावर एक अफलातून तोड काढली होती, कॅप्टिव्ह नावाची: विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हरच उचलायचा आणि लिनक्समध्ये त्याच्याभोवती विंडोजचा पुरेसा आभास उभा करून त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं. म्हणजे भाषा येत नाही तर ती बोलणाऱ्यालाच नकली घरात ठेवून कामाला लावायचं. मला ही युक्ती आजही थरारक वाटते आणि किंचित निर्दयही. पुढे २००७ मध्ये एनटीएफएस-३जीची पहिली स्थिर आवृत्ती आली आणि लिहिणं सर्वसामान्य झालं. २०२१ मध्ये ५.१५ कर्नलमध्ये पॅरागॉन कंपनीने दिलेला नवा ड्रायव्हर आला, आणि केवळ लांबी न बदलता लिहू देणारा तो जुना, भित्रा ड्रायव्हर २०२४ मध्ये कर्नलमधून काढून टाकला गेला. त्याच्यासाठी कोणी हळहळल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. मला मात्र तो आवडायचा. आपल्याला काय येत नाही हे इतकं स्वच्छ सांगणारे प्रोग्राम थोडे असतात.

उलट बाजूने पाहिलं तर हे सगळं सौजन्य एकतर्फी आहे. विंडोजमधून माझं लिनक्सचं पार्टिशन दिसतच नाही. दिसलं तर ‘रॉ’ म्हणून दिसतं, म्हणजे कच्चा माल. माझी ईएक्सटी४ ची (ईएक्सटी२ चीच पुढची पिढी) बाहेरची डिस्क विंडोजला लावली की तत्परतेने खिडकी येते: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? आत माझी कित्येक वर्षांची कामं, आणि समोर एक बटण जे ती सगळी पुसायला तयार. त्यात विंडोजचा दुष्टावा नाही. त्याला ते अक्षर वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते रिकामं, असं त्याचं सरळ गणित. अलीकडच्या विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारा भाग) अशी डिस्क उघडायची सोय आहे, पण तिथेही वाचतं ते विंडोजच्या पोटात चालणारं लिनक्सचं कर्नलच. कॅप्टिव्हची आठवण येते. फक्त यावेळी नकली घर दुसऱ्या बाजूला आहे.

यावर सगळेजण जो उपाय सांगतात तोच मीही केला. दोघांसाठी मिळून एक्सफॅट या साध्या फाइल सिस्टिमचं एक पार्टिशन ठेवलं, देवाणघेवाणीपुरतं. दोघांनाही ते वाचता येतं, लिहिता येतं. त्यावर परवानग्या नाहीत, मालकी नाही, जर्नल (करायच्या बदलांची आधीच लिहून ठेवलेली नोंद) नाही, त्यामुळे मधेच वीज गेली तर काय अर्धवट राहिलं याची नोंदही नाही. स्वभाव नसलेलं पार्टिशन. कामाला बरं. तिथे ठेवायच्या फायलींच्या नावांत मात्र जपावं लागतं. मला नावात वेळ लिहायची सवय, आणि वेळ म्हटलं की अपूर्णविराम. लिनक्सला तो चालतो, विंडोजला चालत नाही. एनटीएफएस-३जीमधून अशी नावं ठेवली तर ती खुशाल ठेवली जातात आणि मग विंडोजमध्ये फाइल दिसते पण उघडत नाही. म्हणजे त्या रात्री मला लिहू दिलं असतं, तर जी नावं मी ‘नीट’ करायला निघाले होते ती विंडोजच्या दृष्टीने बिघडलीच असती. विंडोजसाठी अवैध असलेली नावं नाकारायला सांगणारा एक पर्याय आहे खरा, पण तो आपणहून लावावा लागतो. आता सुरुवातीला माउंट होणाऱ्या पार्टिशनांच्या यादीत विंडोजच्या ओळीपुढे मी कायमचं ‘आरओ’, म्हणजे रीड-ओन्ली, लिहून टाकलंय. वाचायचं, हवं ते इकडे उचलून आणायचं, तिकडे हात लावायचा नाही. त्यामुळे एकाच गोष्टीच्या दोन-दोन प्रती झाल्या आहेत आणि खरी कुठली हे प्रत्येक वेळी तारखा बघून ठरवावं लागतं. सोवळेपणाची किंमत म्हणायची.

आणि हा सोवळेपणा तरी किती खरा, अशी शंका आली ती दुसऱ्या एका लिनक्सची डिस्क उघडली तेव्हा. मला वाटलं होतं, एकाच कुळातले, इथे काय अडचण येणार. पण लिनक्स फायलीवर मालकाचं नाव लिहीतच नाही, क्रमांक लिहितं. बहुतेक वितरणांत, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार अवतारांत, पहिल्या माणसाचा क्रमांक १०००. माझाही १०००. त्यामुळे भलत्याच कोणाच्या तरी डिस्कवरच्या सगळ्या फायली माझ्या नावावर दिसल्या, आणि या वेळी तो ड्रायव्हरचा सरसकटपणा नव्हता, आकडे खरोखर जुळत होते. फेडोरा या वितरणाच्या पूर्वीच्या आवृत्त्यांत ही मोजणी ५०० पासून सुरू व्हायची. तशी जुनी डिस्क असेल तर मालकाच्या रकान्यात नुसता ५०० दिसतो, ज्याला या यंत्रावर नाव नाही असा कोणीतरी.

शिवाय तिथे केवळ वाचण्यापुरतं उघडणंही तितकं निर्मळ नसतं. ईएक्सटी४ चं पार्टिशन नीट बंद झालेलं नसेल, तर ‘आरओ’ लिहून माउंट केलं तरी कर्नल आधी त्याचं जर्नल पुढे चालवून अर्धवट राहिलेले बदल पुरे करतं, म्हणजे डिस्कवर लिहितं. मी ‘फक्त बघतेय’ म्हणेपर्यंत आतली मांडणी सरकलेली असते. पुराव्यासाठी डिस्का तपासणारे लोक म्हणूनच ‘नोलोड’ हा जर्नल चालवू नका असं सांगणारा पर्याय जोडतात किंवा आख्ख्या डिस्कलाच लेखनबंदी करतात. ‘नोलोड’ने काही हलत नाही, पण मग जे दिसतं ते मधेच थांबलेलं चित्र असतं. एखादं फोल्डर जुन्याच अवस्थेत, एखादी फाइल अर्धी. म्हणजे एक तर आत गेल्यावर थोडं आवरायचं आणि सरळ बघायचं, नाहीतर काहीच न आवरता वेडंवाकडं बघायचं. एनटीएफएस-३जीने मला जी दुसरी वाट दिली होती, तिच्यातही हेच होतं. झोपलेल्या विंडोजने आठवणीत धरलेलं पण डिस्कवर न उतरवलेलं जे काही असेल, ते मला दिसत नव्हतं. मी वाचलं ते त्याचं शिळं पान.

दुसऱ्यांच्या डिस्कांवर मी आजकाल ‘नोलोड’ लिहूनच सुरुवात करते. एखादी हवी असलेली फाइल तुटकी निघाली, की तो पर्याय काढते आणि पुन्हा माउंट करते.